गाण्यांचं धोरण

भिसेगावातल्या आमच्या संस्थेने काही वर्षांपूर्वी कळंबच्या वरच्या वाड्यांमधल्या ठाकर बायकांची गाणी रेकॉर्ड केली. काम सगळं एका पोरीनं केलं, आम्ही नुसते ओट्यावर बसून ऐकायचो; ती शेलूहून यायची. संस्थेचं स्वतःचं खातं नव्हतं, म्हणून गाणी तिनं आपल्याच मेलखात्यावर चढवून ठेवली. लग्न ठरल्यावर नोकरी सोडताना तिनं विचारलं, "हे कोणाच्या हवाली करू?"

या साध्या प्रश्नानं आमच्या अध्यक्षांना भलतंच स्फुरण चढलं. निवृत्त अधिकारी माणूस. काम करायचं नसलं की नियम करायचे, एवढंच ते नोकरीत शिकले होते. "आधी डिजिटल मालमत्तेचं धोरण. तोवर पासवर्ड कोणी घ्यायचा नाही!" समिती नेमली गेली. मलाही तिच्यात घेतलं. संस्थेला गाण्यांची 'मालक' म्हणायचं की 'विश्वस्त', यावर एक अख्खी बैठक वडापावासकट संपली. पासवर्ड कोणाकडे राहणार, यावरून अध्यक्ष आणि सचिव एकमेकांशी बोलेनासे झाले.

अशाच एका बैठकीत वाडीवरची एक बाई आली. गाणाऱ्यांमधली सगळ्यात म्हातारी ती हिची आई, नुकतीच गेलेली.

"आयचा आवाज मोबाइलात टाकून द्या. बाकी काय नको."

अध्यक्ष म्हणाले, "धोरण मंजूर होऊ दे. मग रीतसर अर्ज करा."

"माज्याच आयचा आवाज हाय ना? मंग अर्ज कशापायी?"

अध्यक्षांनी चहा मागवला. तिच्यासाठी नव्हे.

मी बाहेर येऊन शेलूच्या पोरीला फोन लावला.

"काका, खातं भरलं होतं, नवीन मेल येईनात. गाणी काढू का म्हणून मी संस्थेला दोनदा लिहिलं. कोणी उत्तरच दिलं नाही. शेवटी काढून टाकली."

संस्थेचे मेल अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्यावर येत. विचारलं, तर म्हणाले, "हो, आले होते. धोरणानंतर बघू म्हणून बाजूला ठेवले."

बाई फाटकाशी थांबली होती. तिला मीच सांगितलं.

"तुमी समदे आमच्या वट्यावर बसून ऐकत हुता. एकालाबी गाण्याची एक वळ याद नाय?"

कोणालाच नव्हती. ती तशीच वळून निघून गेली.

मी राजीनामा दिला. धोरण एकमतानं मंजूर झालं. पुढे खालापूरच्या एका कार्यशाळेत अध्यक्षांनी ते आदर्श म्हणून वाचून दाखवलं. गाण्यांच्या जतनावर त्यात वेगळं प्रकरण आहे म्हणे. टाळ्याही पडल्या.