रिमोटवाले आजोबा

एटोबिकोच्या आमच्या कॉन्डोतले जर्मन आजोबा दर रविवारी दुपारी पार्टी रूममध्ये एकच जर्मन सिनेमा लावतात: महायुद्धानंतरचा, फौजेची टर उडवणारा. पण प्रत्येक विनोदाआधी रिमोटने सिनेमा थांबवून तो विनोद समजावतात आणि एकटेच हसतात. सिनेमा कधी संपतच नाही. परवा हिरमुसून म्हणाले, "आज कुणी हसलं नाही, तर डीव्हीडी कायमची कपाटात!"

पडद्यावर स्वतःचंच बटण तुटलेला हवालदार रंगरुटाच्या बटणांवरून खेकसला, आणि माझ्या सासूबाई, साताऱ्याच्या सुभेदारीणबाई, पदर तोंडाशी धरून खदखदल्या.

"यांना जर्मन येतं?" आजोबांनी मला विचारलं.

"जर्मन कशाला? आमचे हे फौजेत अस्सेच ओरडायचे!" सासूबाई म्हणाल्या.

मी भाषांतर केलं. आजोबांनी रिमोट सासूबाईंच्या ओटीत ठेवला.

त्या दिवशी सिनेमा पहिल्यांदाच संपला.