मोडक्या शिंगाची म्हैस

माझी बहीण अजून चारचौघांत सांगते की तिच्या पोराला मी बिघडवलं. "ह्यानंच नेलं त्याला तिकडं," म्हणते, आणि तेही माझ्यासमोर, मलाच चहा देता देता. म्हणून काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

इंदापुरात माझं खत-औषधांचं दुकान आहे. बापानं दिलेलं नाही, मी उभं केलेलं. त्या वर्षी कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं आणि स्कीममध्ये थायलंडची दोन तिकिटं लागली. बायको म्हणाली, "तिकडं कोण बायका नेतं? तुमचं तुमी जा." मग शेळगावच्या भाच्याला घेतलं. पस्तिशी ओलांडलेला, घरचा ऊस, चार म्हशी, स्वभाव गरीब. पण शेती करणाऱ्याला हल्ली पोरगी मिळत नाही, सगळ्यांना नोकरीवाला लागतो. नकार ऐकून ऐकून पोरगं घुमं झालं होतं. जरा हवापालट होईल, एवढाच माझा हेतू.

पटायाला आमचे सगळे दुकानदार संध्याकाळी एका बारमध्ये बसायचे. तिथं मुली येऊन टेबलाशी बसतात. आपण त्यांना ग्लास पाजायचा, आणि प्रत्येक ग्लासामागं त्यांना कमिशन. हे मला कुणी सांगावं लागलं नाही, मी स्वतः कमिशनवर जगतो. रंगीत पाण्याला एवढा भाव लावला म्हणून मी मालकिणीशी भांडलो आणि बिल कमी करून घेतलं. भाचा मात्र रोज त्याच एका मुलीशेजारी. मध्ये मोबाईल ठेवलेला. हा मराठीत बोलायचा, मोबाईल तिला तिच्या भाषेत सांगायचा. गोड गोड काही चाललं असेल म्हणून मी कान दिला, तर विषय उसाचा. तिच्या बापाचाही ऊस होता म्हणे.

"मामा, त्यांच्यातबी तोडणीला माणसं मिळंनात," भाचा मला कौतुकानं सांगत होता.

"काल त्या पलीकडच्या गोऱ्याशी पण ती असंच हसत होती. त्याचाही ऊस आहे का विचार तिला."

"ती तिची ड्युटी हाय, मामा."

"आणि तू कोण?"

तो लाजला. त्याचं ते लाजणं मला अजिबात आवडलं नाही.

परत आल्यावरही फोन चालूच. इकडं मी डाळजचं एक स्थळ आणलं होतं. किती चकरा मारल्या, किती गोड बोललो, नोकरी नसलेल्या मुलाला होकार काढणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. मंडळी घर बघून गेली, पसंत पडलं. आता फक्त आमचा निरोप जायचा होता. भाचा म्हणायचा, "बघू."

तेवढ्यात म्हैस आली. त्या मुलीनं कळवलं, बापाची म्हैस आजारी आहे, इलाजाला पैसे पाठव. सोबत फोटो. बरगड्या वर आलेल्या, डावं शिंग मोडलेलं. दुसरा कुणी असता तर त्यानं पैसे पाठवले असते, नाहीतर नंबर बंद केला असता. आमच्या पठ्ठ्यानं विचारलं, रवंथ करते का? तिनं पुन्हा पैशाचंच लिहिलं. ह्यानं शेणाचा फोटो मागितला. आणि आला की हो फोटो! तो घेऊन हा जनावरांच्या डॉक्टरकडं गेला. डॉक्टरनं जंताचं औषध सांगितलं. ह्यानं औषधाचं नाव तिला पाठवलं आणि पैसे पाठवले ते फक्त त्या औषधापुरते. तेवढं एक शहाणपण त्याला माझ्याकडून आलं असावं.

डाळजवाल्यांनी निरोप धाडला, रविवारपर्यंत थांबतो. बहीण रडकुंडीला आली.

शनिवारी मी भिगवणला होतो. बारामतीचा एक दुकानदार, त्या सहलीतला, जेवायला भेटला. मासे खाऊन झाल्यावर म्हणाला, "तात्या, तुमच्या भाच्याच्या घरी जनावरं हायेत न्हवं? ही म्हैस जगंल का, विचारा की." आणि त्यानं मोबाईल पुढं केला.

तीच म्हैस. तेच मोडकं शिंग. पाठवणारी मुलगी वेगळी, बार तोच. बारामतीवाल्यानं बायकोला चोरून दोनदा पैसे पाठवले होते. मी तो फोटो माझ्या फोनवर घेतला आणि तडक शेळगाव गाठलं.

भाचा गोठ्यात धार काढून उठत होता. मी त्याचा फोन मागून घेतला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी त्याच्यापुढं धरले. त्यानं माझ्या फोनवरचा फोटो बोटांनी मोठा केला.

"ह्यात डोळं लई खोल गेल्यात," म्हणाला.

"अरे गाढवा, डोळे काय बघतोस! दुसरी पोरगी, दुसरं गिऱ्हाईक, म्हैस एकच! कुणाचं तरी जनावर दाखवून लुटतायत तुला. आता तरी डाळजला होकार कळव."

बहीणही दारात येऊन उभी राहिली होती. भाच्यानं बादली खाली ठेवली.

"मामा, डाळजवाले आले तवा अंगणात ट्रॅक्टर कुणाचा हुता?"

ट्रॅक्टर माझ्या एका गिऱ्हाइकाचा होता. मीच आणून लावला होता, हारसुद्धा घातला होता. आमचा आहे असं मी बोललो नव्हतो, त्यांनी विचारलं नव्हतं. स्थळ जमवताना असं सगळेच करतात.

"ते वेगळं!" मी ओरडलो. "ते तुझ्या लग्नासाठी होतं."

"तीबी कुणासाठी तरी करत असंल."

"म्हंजे तुला अजून तीच पाहिजे व्हय रं?" बहीण म्हणाली.

"मला कुणालाच फसवून आणायची न्हाय, आई."

आणि आमच्यासमोर त्यानं डाळजला फोन लावला. "पाव्हणं, त्यो ट्रॅक्टर आमचा न्हवता. आमच्यात भाड्यानं येतो. एवढं ऐकून पोरगी देणार असाल तर मी तयार हाय."

कळवतो म्हणाले. कळवलं नाही. डाळजची ती मुलगी बारामतीत नोकरीवाल्याकडं दिली. आणि त्या शनिवारी रात्रीच, म्हैस खरी कुणाची असं भाच्यानं विचारल्यावर, पटायाचा नंबरही बंद झाला होता. म्हणजे दोन्ही गेलं, आणि दोन्हीचा दोष माझ्यावर. ऊस त्याचा, म्हैस तिची, बिघडवला मी! भाचा आता खत माझ्या समोरच्या दुकानातून नेतो, रोखीनं, माझ्यापेक्षा चढ्या भावात. मला दिसावं म्हणून पोती हळूहळू चढवतो असा माझा संशय आहे.

परवा बारामतीवाल्यानं एक फोटो धाडला. तो अजून सुधारलेला नाही, तिकडं त्याचा फोन चालूच आहे. फोटोत तीच म्हैस, मोडक्या शिंगाची, पण अंगानं भरलेली, तोंडात हिरवा चारा. मी एक अक्षर न लिहिता तो भाच्याला पाठवला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यानं मला उत्तर दिलं.

"जंताचं औषध लागू पडलं. आणखी एकदा द्या म्हणावं."

द्या म्हणावं! म्हणजे आता मी ह्यांचे निरोप पोचवायचे. मी बारामतीला फोन लावला, त्या माणसाला आधी यथेच्छ शिव्या दिल्या, आणि मग औषधाचं नाव नीट दोनदा सांगितलं.