दहा वेळा वायर उपटणारे अण्णा

सत्त्याण्णव साली, सर्व्हरवर फायली पाठवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या नव्या आवृत्तीच्या माहितीपत्रकात ‘जोडणी तुटली तरी फाइल पूर्ण पोचते’ असं मी न तपासताच लिहिलं. ती वापरणाऱ्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात जोडणी तुटली आणि फायली अर्ध्याच पोचल्या.

आमचे टेस्टर नागराजअण्णा नेटवर्कची वायर स्वतः दहा वेळा उपटल्याशिवाय कशालाच दुरुस्त म्हणत नसत. लेकीच्या बारशाला ते निपाणीला निघाले होते, साहेबांनी थांबवलं.

“वायर उपटायला हात दुखतात काय रे, शहाण्या?”

“अण्णा, मला वाटलं…”

“वाटलं म्हणे! आता तू उपट, मी मोजतो.”

चौथ्यांदा वायर उपटली तेव्हा फाइल अर्धीच पोचली आणि माझी चूक सापडली. ती सुधारून दहाही वेळा फाइल पूर्ण पोचेपर्यंत शेवटची बस गेली. बारसं बापाविना झालं.

सोमवारी अण्णांनी मला बारशाचा पेढा दिला आणि मी तो खाल्लाही. माफी मागायची अजून राहिलीच आहे.