कट केलेलं मानपत्र

कॉपी आणि कट यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात माउस देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मत कडवट वाटेल, वाटू दे. माझ्या आईच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका सत्काराची ज्यांनी वाट लावली, त्यांच्याबद्दल गोड बोलायचा मक्ता मी घेतलेला नाही.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचं मंडळ आहे. दर वर्षी ते एका ज्येष्ठाला मानपत्र देतं. शाल, श्रीफळ आणि फ्रेम केलेला मजकूर, जो आधी सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. आजवरचे सगळे सत्कारमूर्ती पुरुषच. मागच्या वर्षी एक निवृत्त मुख्याध्यापक होते. यंदा कुणाला तरी उपरती झाली आणि आईचं नाव पुढे आलं. आई ऐंशीची. सोसायटीत सगळे तिला काकू म्हणतात, आणि काकू पूर्वी 'कुठेतरी नोकरीला' होत्या, एवढीच त्यांना माहिती.

ती कुठेतरी नव्हती. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होती. पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायचे, दोन बस बदलून खडकी गाठायची आणि दिवसभर दारू भरायच्या विभागात उभं राहायचं. तिथे ठिणगीच्या भीतीने अंगावर धातूचा कण चालत नसे. बांगड्या, मंगळसूत्र, केसांतला आकडासुद्धा बाहेर काढून ठेवायचा. रोजची काढघाल नको म्हणून तिने बांगड्या घालणंच सोडलं, तर शेजारणींनी त्यावरही तोंडसुख घेतलं. कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही अशी ताकीद असल्यामुळे आईने कधी कुणाला उत्तर दिलं नाही. नोकरी संपली, ताकीद संपली, तरी सवय राहिली.

म्हणून मानपत्राचं कळल्यावर तिने मला एकच विचारलं. "कारखान्याचं येईल ना गं त्यात?"

येईल म्हणजे काय, यायलाच हवं होतं. मजकूर मीच लिहिला. तिच्यापाशी बसून, खोदून खोदून विचारून लिहिला. वाचून दाखवला तेव्हा तिने पदराने चष्मा पुसला आणि 'बरं आहे' म्हणाली. आमच्या घरात याहून मोठी दाद मिळत नाही.

मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन मी मंडळाच्या कार्यवाहांकडे गेले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरचा क्लास केलेला, आणि तेव्हापासून समोर येईल त्याला शिकवत सुटलेले. मलाही बसवून घेतलं. टायपिंग हा कसा वेळेचा अपव्यय आहे, कंट्रोल सी आणि कंट्रोल व्ही आलं की माणूस कसा मोकळा होतो, यावर त्यांचं व्याख्यान झालं. मी ऑफिसात रोज हेच करते, हे सांगायला मला त्यांनी फटच ठेवली नाही. मग त्यांनी माझी फाइल उघडली, सगळा मजकूर निळा केला आणि कंट्रोल एक्स दाबलं.

मी म्हटलं, अहो, कट कशाला करता, कॉपी करा. त्यावर ते समजूतदारपणे हसले. कॉपी केलं की जुनं जागेवरच राहतं, एकाच गोष्टीच्या दोन प्रती होतात, पसारा वाढतो. आपण बुवा कायम कटच करतो. मी मनात म्हटलं, धन्य आहे. पण मजकूर माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर होता, म्हणून वाद घातला नाही. चहा आला, तो प्यायले आणि निघाले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आई मोतिया रंगाची सिल्कची साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. शाल, श्रीफळ देऊन झालं आणि कार्यवाहांनी फ्रेम हातात धरून वाचायला सुरुवात केली. "काकूस्वतीचे उपासक असलेले हे त्याजस्वी व्यक्तिमत्त्व..." इथे ते अडखळले. मागून कुणीतरी खुसखुसलं. त्यांनी घसा साफ केला आणि पुढे रेटलं. शाळेच्या प्रांगणात घडवलेल्या पिढ्या आल्या. 'शांतत्याने' आणि 'नम्रत्याने' केलेली ज्ञानदानाची सेवा आली. कारखाना कुठेच नव्हता. आई आधी त्यांच्याकडे बघत होती, मग मांडीवरच्या शालीकडे बघायला लागली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे मागच्या वर्षीचं मुख्याध्यापकांचं मानपत्र होतं. यांनी 'सर' या शब्दाच्या जागी सगळीकडे 'काकू' घातलं होतं, त्यामुळे सरस्वतीची काकूस्वती झाली. आणि 'ते'च्या जागी सगळीकडे 'त्या', म्हणून तेजस्वीचं त्याजस्वी. 'होते'चं 'होत्या' मात्र बरोबर झालेलं दिसलं असणार, त्यावर हे खूश, आणि बाकी काही न बघता प्रिंट काढून थेट फ्रेमवाल्याकडे. एवढ्यात पुढचं वाक्य आलं.

"या साऱ्या वाटचालीत त्यांना पत्नीची खंबीर साथ लाभली."

हॉल खदखदून हसला. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. मी उठून स्टेजवर गेले. कार्यवाहांनी माइकवर तळवा ठेवला आणि दबक्या आवाजात खुलासा सुरू केला. आपला मजकूर कट केला होता, पण पेस्ट करायच्या आधी आमंत्रणातली तारीख कॉपी केली. मग पेस्ट केलं तर नुसती तारीखच आली. मजकूर पाहतो तर कुठेच नाही. फाइलही तशी रिकामीच सेव्ह झालेली.

म्हटलं, मग तुम्ही मला एक फोन करायचा होता. मी दोन जिने सोडून राहते. तर म्हणाले, "आपल्याला त्रास कशाला द्यायचा? शेवटी मानपत्रं सगळी सारखीच असतात."

सारखीच असतात! ज्या बाईने जन्मभर तोंडाला कुलूप लावून काम केलं, तिच्याबद्दल एकदाच चारचौघांत बोललं जाणार होतं, तर तिला दुसऱ्याचं आयुष्य चिकटवून दिलं. आणि वर हे म्हणे त्रास वाचवतात. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माइकवरचा तळवा मध्येच निसटला होता, त्यामुळे सोसायटीने ते ऐकलं आहे आणि मला त्याचं यत्किंचितही वाईट वाटत नाही.

तेवढ्यात आई स्टेजवर आली. गुडघे धरून, पायऱ्या एकेक करत आली. मला बाजूला सरकवलं आणि माइक मागितला. कार्यवाहांनी तो मुकाट्याने दिला. ती आजवर माइकवर बोलली नव्हती. तोंडापासून फार लांब धरला होता, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"मी शाळेत नव्हते," आई म्हणाली. "मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. बाँबमध्ये दारू भरायचे." तिने फ्रेमकडे एकदा पाहिलं. "आणि पत्नीचं म्हणाल, तर ती मला नव्हती. असती, तर संध्याकाळी घरी आल्यावर मीही पाच मिनिटं पंख्याखाली बसले असते."

पुरुष हसले. बायकांपैकी कुणीही हसलं नाही.