मागच्या काचेवरची अक्षरं

"ज्यादा चली नहीं है. लेडीज चलाती थी, बस घर के आसपास."

पिरंगुटजवळच्या भरे नावाच्या गावातल्या आमच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मी हे वाक्य ऐकलं. आमचे हे बाहेर ओट्यावर फोनवर बोलत होते. ह्यांचं घरातलं बोलणं मराठी, कंपनीतलं इंग्रजी. हिंदी निघते ती काही विकायचं किंवा विकत घ्यायचं असलं की. म्हणून हिंदी कानावर पडताच मी कुकरखालचा गॅस बारीक केला. शिट्टीत एखादा शब्द निसटला असता तर मला रात्रभर चैन पडलं नसतं.

हे आत आले तेव्हा मी विचारलं, काय जास्त चाललं नाही म्हणत होतात? हे म्हणाले, वॉशिंग मशीन. तिकडे नवीनच घेऊ, हे इथेच काढून टाकू. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. आता वॉशिंग मशीन लेडीज चालवतात हे खरं आहे, पण ते घराच्या आसपास कसं चालवतात ते काही मला उमगलं नाही. मी भाजीला फोडणी दिली आणि गप्प बसले. मी चिडते तेव्हा भांडी आपटते. पण खरा राग आला की गप्प होते, आणि हे इतक्या वर्षांत ह्यांच्या लक्षात आलेलं नाही.

ह्यांची कंपनी गाड्यांचे सुटे भाग करते, पिरंगुटला. नवा कारखाना लखनौला निघाला आणि ह्यांना तिकडे पाठवायचं ठरलं. घरसामान एका ट्रकमधून जायचं होतं. गाडीचं काय, हा प्रश्न होता. हे सुरुवातीला सरळ म्हणाले की विकून टाकू, जुनी झाली, एवढ्या लांब कशाला न्यायची. मी म्हटलं, गाडी येणार नसेल तर मीही येत नाही. त्यावर हे दुसऱ्याच दिवशी चहा पिता पिता म्हणाले, बरं, नेऊ. गाड्या वाहून नेणारे असतात, मोठ्या बंद ट्रेलरमध्ये घालून नेतात, मी बोलतो त्यांच्याशी. दुसरी एखादी बाई खूश झाली असती. मला मात्र संशय आला. साधा पंखा बदलायला ह्यांना सहा महिने लागतात. हा माणूस एका दिवसात 'बरं' म्हणतो म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय.

गाडी कागदोपत्री ह्यांची. घेतली ह्यांनी, पण कंपनीची बस दारात येत असल्यामुळे ती ताडपत्रीखाली उभी असायची. चाळिशी उलटल्यावर मी पिरंगुटच्या ड्रायव्हिंग क्लासात नाव घातलं तेव्हा तिथली पोरं हसली होती. मी घाटात गाडी बंद पाडली, उलटी सरकवली, एका टेम्पोवाल्याच्या शिव्या खाल्ल्या आणि शिकले. मग मंडईला जायला मला कुणाला विचारावं लागेना. घरमालकीण मावशींचे गुडघे दाखवायला बावधनच्या दवाखान्यात मीच त्यांना न्यायचे. एकदा कुणालाही न सांगता ताम्हिणी घाटात गेले, धुक्यात दिवे लावून. तिथल्या ढाब्यावर एकटीने बसून कांदाभजी खाल्ली आणि परत आले. तेवढं सुख मला दुसऱ्या कशाने झालेलं नाही, हे मी लाज न बाळगता सांगते.

ह्यांना मात्र माझं एकच ड्रायव्हिंग आठवतं. एकदा चांदणी चौकातल्या पुलांच्या गुंत्यात मी चुकीचं वळण घेतलं आणि थेट मुंबईच्या रस्त्याला लागले. बरंच पुढे जाऊन वळावं लागलं. पाहुणे आले की हे ती गोष्ट सांगतात, दर वेळी मी मुंबईच्या आणखी जवळ पोचलेली असते.

लखनौत माझं कोण होतं? गाडी पोचली नाही तर मी पुन्हा मागच्या सीटवर बसणार होते, दुसरा नेईल तिकडे जाणारी बाई होऊन. हे म्हणायचे, तिकडे ॲपवर गाडी बोलव, दारात येते. मला दारात येणारी गाडी नको होती. मला दारातून नेता येणारी हवी होती.

गाडी नेणाऱ्यांचा एजंट फोनवर फार गोड बोलायचा. टेन्शन मत लीजिए, मॅडम, असं तो इतक्यांदा म्हणाला की मला टेन्शन आलं. मी त्याला विचारलं, किल्ल्या किती द्यायच्या? तो म्हणाला, एकच. त्याच संध्याकाळी ह्यांनी कपाटातली जादा किल्ली काढली आणि पाकिटात घातली. मी विचारल्यावर म्हणाले, दोन्ही द्याव्या लागतात, मी चौकशी केलीय. दोन्ही किल्ल्या कुणाला देतात, ते मला माहीत होतं. विकत घेणाऱ्याला.

हे मी मावशींना सांगितलं. मावशी आमच्या मागच्या दाराशीच राहायच्या, त्यांच्या शेतावर बांधलेल्या चार घरांतलं एक आमचं. त्यांना माझ्या नवऱ्यापेक्षा ट्रेलरचाच संशय जास्त. गाडीत गाडी घालून नेतात यावर त्यांचा विश्वास बसेना. वाटेत इंजिन काढतील, चाकं बदलतील, म्हणाल्या. त्यांच्या बचतगटाची मोठी पातेली लग्नाकार्याला भाड्याने जातात, त्यामुळे जाताना एक आणि येताना दुसरं, हा प्रकार त्यांना पाठ होता.

"ताई, नाव घाला," त्या म्हणाल्या. "आमची पातेली गावभर हिंडत्यात. नाव नसतं तर एक बी माघारी आली नसती."

मला ते एकदम पटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी भांड्यांवर नावं घालणारे काका त्यांचं छोटं मशीन घेऊन दारात आले. मी दाखवलं, जॅकवर घाला, जादा चाकाच्या रिमवर घाला, डिकीच्या आतल्या कडेला घाला आणि मागच्या काचेच्या कोपऱ्यात घाला. नाव माझं घाला, एवढंच सांगितलं. काका म्हणाले, आजवर भांडी केली, मूर्ती केल्या, एकाची बंदूकसुद्धा केली, पण गाडी पहिलीच. मशीन टर्रर्र सुरू झालं आणि तेवढ्यात आत माझा फोन वाजला. एजंट होता. टेन्शन मत लीजिए हे सांगायला त्याला बराच वेळ लागला.

बाहेर येऊन बघते तर काम आटपलेलं. काका लग्नसराईत महिनाभर भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून एकच मजकूर घालत होते, हात त्याच वळणाला लागलेला. नाव सांगायला मी तिथे नाही असं बघून त्यांनी सवयीने मावशींना विचारलं होतं, कुणाकडून? आणि मावशींनी तितक्याच सवयीने सांगितलं होतं. मागच्या काचेवर, बारीक ठिपक्यांच्या सुबक अक्षरांत, वर ह्यांचं पूर्ण नाव, पुढे 'यांजकडून', खाली 'सौ.' आणि माझं नाव, आणि शेवटी 'हिस सप्रेम भेट'. जॅकवर तेच. चाकाच्या रिमवर तेच. डिकीतही तेच.

माझं डोकंच फिरलं. मी काकांना म्हटलं, हे पुसा. काका मशीन गुंडाळत शांतपणे म्हणाले, पुसण्यासाठी कुणी नाव घालत नाही. मी मावशींवर घसरले. ह्यांनी मला आयुष्यात काही सप्रेम दिलेलं नाही, साडीसुद्धा दुकानात उभं राहून 'लवकर आटप' म्हणत दिलीय.

"मग आता दिली की," मावशी म्हणाल्या. "गाडी त्यांच्याच पैशाची हाय न्हवं? लिवल्यालं खोटं न्हाई."

हे संध्याकाळी आले, गाडीकडे न बघता आत गेले. मी सांगितलं नाही. गाडीची मागची बाजू ह्यांनी कधी बघितली असेल असं मला वाटत नाही.

गाडी न्यायला माणूस आला तेव्हा हे कारखान्यात होते. मी त्याला किल्ली दिलीच नाही. म्हटलं, यार्डापर्यंत मीच आणते, तू पुढे चल. मावशी पातळ बदलून पुढच्या सीटवर येऊन बसल्या, त्यांना ट्रेलर डोळ्यांनी बघायचा होता. चांदणी चौकात मी वळण बरोबर घेतलं. बघायला हे नव्हते. महामार्गालगतच्या यार्डात एका पोऱ्याने माझी गाडी लोखंडी उतारावरून ट्रेलरच्या वरच्या मजल्यावर चढवली, दोन मोठ्या गाड्यांच्या मध्ये. ती फार लहान दिसली. मी विचारलं, दुसरी किल्ली लागते का? माणूस म्हणाला, नहीं मॅडम, एक काफी है.

मावशींनी ट्रेलरच्या ड्रायव्हरला गाठून विचारलं, पोचेल का? तो म्हणाला, पहुँचेगी, माताजी. मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "समदी असंच म्हनत्यात." मग आम्ही बसने पिरंगुटला आलो, आणि बसमध्ये मला दर ब्रेकला पाय दाबायची सवय झाली आहे हे कळलं.

लखनौला आम्ही आधी पोचलो. गाडी वाटेत. मी रोज एजंटला फोन करायचे, तो रोज सांगायचा की गाडी रस्त्यात आहे. कुठल्या रस्त्यात, ते सांगायचा नाही. ह्यांना मात्र कसलीच काळजी नव्हती, आणि त्याचीच मला काळजी. एका सकाळी हे म्हणाले, गाडी आली म्हणे, मी जाऊन बघतो, तू खोकी उघड. बघतो म्हणाले, आणतो नाही. मी चपला घातल्या. हे म्हणाले, ऊन आहे. मी म्हटलं, असू दे.

शहराबाहेरच्या यार्डात माझी गाडी धुळीने माखलेली उभी होती. तिच्याभोवती पांढऱ्या सफारी सूटमधला एक गृहस्थ फिरत होता. त्याने बॉनेट उघडलं होतं, दारं बोटांनी वाजवून बघत होता. हे घाईने म्हणाले, हा ट्रेलर कंपनीचा माणूस, तपासणी करतोय. ट्रेलर कंपनीच्या माणसाला माझ्या गाडीचे टायर किती झिजलेत याच्याशी काय देणंघेणं? मी हे विचारणार, एवढ्यात तो मागच्या बाजूला गेला. खिशातून रुमाल काढून त्याने काचेचा कोपरा पुसला, वाकला आणि अडखळत वाचायला लागला. लिपी त्याचीच, भाषा थोडी परकी. ह्यांचं नाव त्याला फोनवरून ठाऊक होतं. शेवटच्या दोन शब्दांना अर्थ विचारायची गरज पडली नाही.

तो सावकाश उभा राहिला. "भाईसाहब," तो ह्यांना म्हणाला, "ये तो आपने भाभीजी को भेंट दी है. आप बेच कैसे रहे हैं?"

हे मागे गेले, वाकले. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं, मग डिकी उघडून आतलं वाचलं. बराच वेळ वाकलेलेच राहिले. त्या गृहस्थाने नमस्कार केला, म्हणाला की घरच्या भांडणातली गाडी तो घेत नाही, आणि निघून गेला.

"हे कुणी केलं?" ह्यांनी विचारलं.

"नाव तुमचं आहे," मी म्हटलं.

मग ह्यांनी सांगितलं. गाडी इथे विकून, ती वाटेत ठोकली गेली, असं ते मला सांगणार होते. बदलीआधी कारखान्याच्या कामाला इथे येऊन गेले तेव्हाच इथली वाहतूक बघून ह्यांना धडकी भरली होती. तू चुकशील, कुठल्या कुठे जाशील, तुला काही झालं तर मी काय करू, असं म्हणाले, आणि आवाज फाटला. इतका राग आला होता मला, की तो आवाज ऐकूनही कमी झाला नाही. पण त्यांच्या भीतीत खोट नव्हती, तेवढं मला दिसलं. मी हात पुढे केला. ह्यांनी पाकिटातून दुसरी किल्ली काढून तळहातावर ठेवली. मी चालकाच्या जागेवर बसले. हे काही क्षण मागच्या दाराशी घुटमळले, मग पुढे येऊन शेजारी बसले. मी म्हटलं, पट्टा लावा.

आता वर्ष होत आलं. मी लखनौत दोनदा चुकले, दोन्हीदा घरी आले. परवा गाडी धुताना हे त्या अक्षरांवरून अंगठा फिरवत होते, पुन्हा पुन्हा. मायेने फिरवत होते की पुसली जातात का ते बघत होते, हे मला खिडकीतून कळलं नाही. दोन्ही किल्ल्या तांदळाच्या डब्यात, तळाशी आहेत.