आत उजेड दिसला नाही

आमच्या कचेरीत त्यांना सगळे मोजणीकाका म्हणत. परदेशी गिऱ्हाइकाचा माल कारखान्यात कंटेनरमध्ये भरला जात असताना शेजारी उभं राहायचं, खोकी मोजायची, फोटो काढायचे आणि शेवटी दाराला सील लावायचं, हे त्यांचं काम. बावीस वर्षं केलं. त्यांचे फोटो क्रमाने लावून अहवाल पाठवायचं काम माझं. रिकामा कंटेनर, पाव भरलेला, अर्धा, पाऊण, पूर्ण, एक दार बंद, दोन्ही बंद, सील. हजारो फोटो पाहिले असतील मी, पण त्यांत काका एकदाही नाहीत. फार तर कॅमेऱ्यापुढे चुकून आलेलं बोट.

तपासनिसाने कारखान्यातलं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा आमचा नियम. बाकीचे तपासनीस हा नियम घरी ठेवून निघत आणि भरपेट जेवून परत येत. काकांची पाण्याची बाटली स्वतःची, डबा स्वतःचा, बसायला घडीची खुर्चीही स्वतःची. सुरुवातीला कारखानेवाल्यांनी आग्रह केला, मग नाद सोडला. फाटकाजवळ रोज एकटा जेवणारा माणूस हळूहळू लोकांना दिसेनासा होतो. घरीही वेगळं काही नव्हतं. एकदा मी सही घ्यायला गेले, तर एक खोली, एक खाट, ओट्यावर एक कप. चहा केला, कप मला दिला आणि स्वतः वाटीतून प्यायले. मला वाईट वाटलं आणि रागही आला. बायको जाऊन पंधरा वर्षं झाली होती. दुसरा कप आणायला काय जात होतं यांचं?

मग खुर्च्यांच्या कारखान्यातला मुकादम भेटला; तिथे काकांची फेरी दर गुरुवारी असे. माल भरणाऱ्या टोळीचा हा म्होरक्या, तोंडाची टकळी अखंड चालू. एका गुरुवारी तो आपला डबा घेऊन काकांच्या शेजारी टेकला आणि म्हणाला, माझं काही खाऊ नका, पण शेजारी बसायचं नाही असा काही नियम आहे का? तसा नियम नव्हता. काकांनी खात्री करायला मला फोन केला होता, म्हणून मला ठाऊक. पुढे तीन वर्षं दर गुरुवारी दोघं एकत्र जेवले. डबा आपापला, नावं दुसऱ्याच्या भाजीला. काका गुरुवारी दाढी करू लागले. शुक्रवारी आम्हाला मुकादमाच्या मुलीच्या परीक्षेच्या बातम्या देऊ लागले. काका, तुमचं काही खरं नाही, असं आम्ही चिडवलं की चक्क लाजायचे.

रिकाम्या कंटेनरची एक परीक्षा असते. आधी शिडी लावून छत बाहेरून पाहायचं. मग तपासनिसाने आत जायचं, बाहेरून दारं बंद करून घ्यायची आणि अंधारात उभं राहून वर बघायचं. भोक असलं तर उजेडाचा ठिपका दिसतो. मुकादमाची ओळख झाल्यापासून काकांची शिडी सुटली. छत मी बघितलंय, असं तो म्हणायचा. दुसऱ्याने मोजलेली खोकी पुन्हा मोजणारे आमचे काका त्याच्या शब्दावर आत जायचे.

गेल्या वर्षी एका कंटेनरमधल्या खुर्च्या परदेशात पोचल्या त्या भिजून, बुरशी धरून. तिकडून फोटो आले. छताच्या कोपऱ्यात बोटाएवढं भोक आणि त्यावर अर्धवट सुटलेली काळी चिकटपट्टी. ती कारखान्यात लावली की कंटेनर आधीपासून तसाच होता, कोणी सांगू शकत नव्हतं. मी काकांचे त्या दिवशीचे फोटो उघडले. रिकाम्या कंटेनरच्या फोटोत कडेला मुकादम उभा होता, मागे शिडी, मनगटात काळ्या पट्टीचं रीळ.

काका तो फोटो बराच वेळ बघत बसले. त्या दिवशी दुसरा कंटेनर मिळणार नव्हता आणि जहाज संध्याकाळी सुटणार होतं, माल राहिला असता तर मुकादमाची नोकरी गेली असती, एवढं त्यांच्याच तोंडून निघालं. मग म्हणाले, माल भरणाऱ्या माणसाकडे पट्टी असणारच. फोटो फाईलमधून काढू का, असं मी हळूच विचारलं, तर माझ्यावर भडकले. फाईलमधलं काही हलवायचं नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं.

जबाबात त्यांनी लिहिलं: दारं बंद केली, आत उजेड दिसला नाही. छत बाहेरून पाहिलं नाही, ही माझी चूक.

मी त्यांना सांगितलं की ठपका आलेल्या तपासनिसाला त्या कारखान्यात पुन्हा कधीच पाठवत नाहीत. गुरुवार संपले म्हणून समजा. माहीत आहे, म्हणाले, आणि सही केली. जुने फोटो कोणी उघडलेच नाहीत. काकांना ताकीद मिळाली आणि गुरुवारसाठी त्यांची काचसामानाच्या कारखान्यात नेमणूक झाली. वर्षानुवर्षं एकटा जेवत आलेला माणूस, पण आता त्यांचा डबा कचेरीत अर्धा परत येऊ लागला.

दोन महिन्यांनी कचेरीत मुकादमाचा फोन आला. काका आजारी आहेत का, विचारत होता. आता ते तिकडे येणार नाहीत म्हटल्यावर गप्प झाला. या माणसाला गप्प बसता येतं, हे मला नवीन होतं. मग म्हणाला, त्यांचा नंबर द्या, एक गोष्ट बोलायची राहिलीय. कारखान्यातल्या माणसाला नंबर द्यायचा नाही हाही नियमच, त्यामुळे तीन वर्षांत काकांनी तो दिला नव्हता. विचारून सांगते, असं मी म्हटलं.

संध्याकाळी काकांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून बसले. आवाज कसा होता, मुलीचं काय झालं, सगळं विचारून घेतलं. मी आनंदाने कागदावर नंबर लिहायला घेतला.

"देऊ नकोस," ते म्हणाले.

"अहो काका, त्याला माफी मागायची असेल."

"तीच भीती आहे. मी जेवढं पाहिलं तेवढंच लिहिलंय. पट्टी त्याने लावली, हे मला अजून माहीत नाही. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर मला ते लिहावं लागेल, पोरी."

मी नंबर दिला नाही. मुकादम अजूनही अधूनमधून फोन करतो. काका विचारतात, आला होता का? मी म्हणते, आला होता. मग ते जातात.