आप्पांचा नवाचा ताळा

कुठलाही मोठा आकडा दिसला की आप्पांचे ओठ हलू लागत. कंपनीच्या बसचा नंबर असो की माझा मोबाईल, सगळे अंक मिळवत मिळवत ते एका अंकावर आणत आणि मगच त्यांचा जीव भांड्यात पडे. रांजणगावच्या आमच्या कंपनीत, डिस्पॅचच्या टेबलावर ते माझ्या शेजारी बसत. केंदूरचे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. "आकडा कितीबी लांब असू दे मनीषा, नवानं भागून काय उरतंय तेवढं बघायचं," असं त्यांचं म्हणणं. माल सोडताना बॅच नंबरही ते याच ताळ्यानं जुळवत. मी एकेका अंकावर बोट ठेवून वाचेपर्यंत त्यांची सही झालेली असे, आणि मला त्याचा हेवा वाटे.

एका सकाळी तपासणी विभागाचा फोन आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या ब्रेकसाठी आम्ही बनवत असलेल्या पिनांची एक बॅच तडकलेली निघाली होती, ती रोखायची होती. मी घाईत नंबर लिहिला, ७३०१४८६२. आप्पांनी माझ्या हातून फोन घेऊन पलीकडच्याला ताळा विचारला. तिकडे चार, इकडेही चार. दुर्दैवानं त्या नंबरचीही बॅच मालात होती. ती बाजूला काढून आम्ही ट्रक दौंडच्या ट्रॉलीच्या कारखान्याला सोडला.

दुपारी लेखी आदेश आला, ७३०१८४६२. आठ आणि चार यांची जागा मी बदलली होती. आप्पांनी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले.

"अंक त्येच, मग नवाला काय कळणार? अकरानं बघायला पायजे व्हतं. खरा आकडा अकरानं पुरा जातोय, तुझा जात न्हाई."

ड्रायव्हरचा फोन बंद होता. माझ्या स्कूटीवर मागं आप्पा, आणि आम्ही न्हावऱ्यावरून दौंडकडे निघालो. वाटेत उसाची ट्रॉली दिसली, वर बायका बसलेल्या, की मी स्कूटी आणखी पळवत असे. दौंडच्या कारखान्यात पोहोचलो तेव्हा दोन ट्रॉल्यांना पिना बसल्या होत्या. त्या काढून घेऊन, शेवटची पिन हाती आल्यावरच आप्पा खाली बसले. घामानं त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. "ताळा माझा व्हता साहेब, चूक माझी," आप्पा म्हणाले. मी शेजारी उभी होते. आप्पांचा सहीचा अधिकार काढून घेतला आणि त्यांना पॅकिंगला पाठवलं. त्यांचं माल सोडायचं रजिस्टर माझ्याकडे आलं. तेव्हापासून मी प्रत्येक नंबर अकरानंही तपासते, वर अंक न् अंक वाचते, तरी माल गेला की दिवसभर चैन पडत नाही.

गेल्या वर्षी आप्पा गेले. दहाव्याला मी केंदूरला गेले तेव्हा त्यांच्या मुलीनं विचारलं, आप्पांचं नेमकं काय चुकलं होतं, शेवटपर्यंत ते सांगत नव्हते. मी तिला खरं ते सगळं सांगितलं.

"मग तवा का न्हाई बोलला तुम्ही?"

नोकरी जाईल अशी भीती वाटली होती, एवढंच. तेही मला तिच्यासमोर सांगता आलं नाही.